मदत हवी आहे: येझदी २५०, हेडमधले प्लगचे आटे गेले

किकवाला
नमस्कार मंडळी. गाडी जुनी येझदी २५०, मैसूरची. स्पार्क प्लग हाताने चार-पाच वेढे जातो, पाना लावला की नुसता गरगर फिरतो, आवळतच नाही. किक मारली की बुडातून फुसफुस आणि काळं तेल. प्लगच्या आट्यांत ॲल्युमिनियमचा चुरा अडकलाय. गॅरेजवाला म्हणतो, तांब्याची तार गुंडाळून बसवून देतो. चालेल का? शक्यतो हेच हेड (सिलिंडरवरचं झाकण) वाचवायचंय.

लेथ_आणि_रॉकेल
तार अजिबात नको. प्लगची बरीचशी उष्णता आटे आणि वायसरमधूनच हेडमध्ये उतरते. तारेवर नीट टेकण नसते, त्यामुळे प्लग लाल होतो, ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं आणि टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनला भोक पडायला वेळ लागत नाही. एम-सील, टेफ्लॉन टेप यांचंही तेच.

आधी हेड उतरवा. चारच नट आहेत, इंजिन पूर्ण गार असताना समोरासमोरचे थोडे थोडे सैल करा. हेड जागेवर ठेवून टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारला तर चुरा पोर्टमधून खाली क्रँककेसमध्ये जातो आणि बिग-एंडचं (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाचं) बेअरिंग खातो. मग आतल्या बाजूने बॅटरी मारून बघा: किती आटे शाबूत आहेत?

किकवाला
हेड उतरवलं. बाहेरचे सहा-सात आटे सपाट, आतले तीन बरे दिसतात. दुकानात १४ चा टॅप मागितला तर १४ × १.५ चा दिला.

लेथ_आणि_रॉकेल
तो परत करा! १४ मिमी प्लगची पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १.२५ मिमी आहे. १.५ चा फिरवलात तर उरलेले तीनही जातील.

फक्त तोंडाचे एक-दोन आटे तिरपे झाले असते, तर १४ × १.२५ चा टॅप आतून, चांगल्या आट्यांत धरून बाहेर काढला असता आणि काम झालं असतं. तुमच्याकडे साडेबारा मिमीत जेमतेम दहा आटे, त्यातले सात गेले. हेलिकॉइलच घाला, म्हणजे मोठ्या केलेल्या भोकात बसून नवे आटे देणारी तयार कॉइल. प्लगसाठीचा संच घ्या, एम१४ × १.२५, कॉइल अर्धा इंच लांबीची. त्यातला टॅप साध्या १४ च्या टॅपपेक्षा जाड असतो, कारण कॉइलला जागा हवी. पुष्कळ संचांत टॅपच्या पुढच्या टोकाला जुन्या भोकात सरळ धरणारा भाग असतो, तसाच घ्या. तिरपा गेला तर वायसर एका बाजूनेच टेकेल.

टॅपवर रॉकेल सोडा. अर्धा वेढा पुढे, पाव मागे, मधूनमधून काढून साफ करा. ॲल्युमिनियम चिकट असतं, चुरा अडकला की नवे आटेही फाटतात. हवा मारून भोक स्वच्छ झाल्यावर कॉइल फिरवा, वरचं टोक वायसरच्या बैठकीपासून पाव ते अर्धा वेढा खाली. कॉइलला शेपटी असेल तर लांब चिमट्याने वर-खाली वाकवून तोडा आणि तुकडा बाहेर काढा.

पितळी_बुश
एक वेगळं मत. टॅपने भोक आणखी मोठं झालं किंवा बैठकच खराब असेल, तर कॉइल टिकत नाही. तेव्हा लेथवर कॉलरवाली बुश (वर कड असलेली, आत-बाहेर आटे पाडलेली नळी): बाहेर एम१८ × १.५, आत १४ × १.२५. कॉलर हेडमध्ये खोबण करून बुडवा, नाहीतर प्लग वर राहील. बुश पितळेची बरी. गरम झाल्यावर ॲल्युमिनियम साध्या पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं, पोलादी बुश सैल पडते. पितळ त्यामानाने जवळचं. शेवटी आतल्या बाजूने दोन-तीन ठिकाणी पंच मारा, म्हणजे प्लगबरोबर उचकटणार नाही.

किकवाला
बैठक चांगली आहे, म्हणून कॉइल घातली. पण आत ज्वलनकक्षात साधारण एक मिमी बाहेर दिसतेय. ठीक आहे ना?

लेथ_आणि_रॉकेल
नाही. बाहेर आलेली कड तापून लाल होते, पुन्हा तोच पिस्टनचा प्रश्न. बारीक कानशीने कक्षाच्या पृष्ठभागाशी सपाट करा, कड गुळगुळीत घासा, मग रॉकेलने धुवा.

प्लग बी७एचएसच घाला. बी७ईएस दिसायला तसाच, पण आटे १९ मिमी, थेट पिस्टनला धडकू शकतो. आट्यांना ग्रीस नको, ग्रीसमुळे नकळत जास्त आवळला जातो. टॉर्क पाना असेल तर २५ ते ३० न्यूटन-मीटर. नसेल तर नवा प्लग हाताने पूर्ण बसवून पान्याने अर्धा वेढा. तोच पुढे परत बसवताना वायसर दबलेला असतो, तेव्हा वेढ्याचा बारावा हिस्सा पुरे.

बसवल्यावर प्लगच्या बुडाशी साबणाचं पाणी सोडून किक मारा. बुडबुडे आले तर आणखी आवळू नका, आधी वायसर तपासा.