फक्त कामाचे मेसेज : मागच्या रोडचं काय झालं?

बी-२०४ : आज परत त्याच वळणावर स्कूल व्हॅनचा टायर फुटला. मुलं पाऊण तास उन्हात उभी. बाजूने कोळशाचे टिप्परवर टिप्पर, एकावरही ताडपत्री नाही, चुरी उडून मुलांच्या डब्यात. दिवाळीआधीच डांबर टाकलं होतं ना तिथे? कमिटीने काय पाठपुरावा केला ते कळेल का?

सचिव : ताई, मुलं ठीक आहेत ना? रस्ता सोसायटीच्या हद्दीत येत नाही. तरी पत्र दिलेलं आहे.

बी-२०४ : मुलं ठीक आहेत. पत्राची पोच टाका.

सचिव : संध्याकाळी टाकतो.

ए-३०२ : खनिज निधी आहे. मागणी करा. हक्काचा पैसा आहे.

सी-१०३ : सगळ्यांनी पहिले पांढऱ्या गाड्या घेणं बंद करा भाऊ. कोळशाच्या रंगाची घ्या, धुवायचा खर्च वाचते 😄

बी-२०४ : मी गंमत म्हणून लिहिलेलं नाही.

डी-४०१ : ते डांबर टिकणारच नव्हतं. नोकरीत होतो तेव्हाही हेच सांगत होतो. रस्त्याची झीज वजनाच्या प्रमाणात वाढत नाही, ती अॅक्सलवरच्या (चाकांच्या आसावरच्या) भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. अमेरिकेत १९५८ ते १९६० मध्ये मुद्दाम ट्रक फिरवून रस्ते मोडून पाहिले, त्यातून निघालेला हिशोब आहे हा. भार दुप्पट, झीज सोळापट. आपण ८.१६ टनांचा अॅक्सल धरून रस्त्याची जाडी काढतो. २०१८ मध्ये केंद्राने एका अॅक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ केली. म्हणजे नियमात बसणारी गाडीच आता दीडपटीहून जास्त रस्ता खाते. ओव्हरलोडचं तर बोलूच नका.

सी-१०३ : काकाजी, माही स्कूटर किती खाते?

डी-४०१ : शून्य धरा. म्हणून तर तुमच्या टॅक्समधून त्यांचं डांबर घालणं चूक आहे.

ए-३०२ : *खनिज निधी आहे. मागणी करा.* २०१५ च्या कायद्याने प्रत्येक खाण जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे, हा निधी त्याचाच. १२ जानेवारी २०१५ च्या आधीच्या खाणींना त्यात रॉयल्टीच्या (खनिजापोटी सरकारला द्यायच्या रकमेच्या) ३० टक्के, नंतर लिलावात गेलेल्यांना १० टक्के भरावेच लागतात. कोळशाची रॉयल्टी किमतीच्या १४ टक्के. सर्वांनी पुढे पाठवा.

बी-१०१ : भाऊ, तो पैसा आधी पाणी, दवाखाना, शाळा आणि प्रदूषणासाठी आहे. मूळ योजनेतच लिहिलं होतं, निदान ६० टक्के त्यावर. रस्ते-पूल उरलेल्या ४० मध्ये, तेही सिंचन वगैरेंच्या वाट्यात. टिप्परने फोडलेला रस्ता त्याच निधीतून बांधायचा म्हणजे खाणीने एका हाताने भरायचं आणि दुसऱ्या हाताने परत न्यायचं.

ए-३०२ : ताई, तुमचा प्रत्येक गोष्टीला विरोध असतो. सोलरलाही होता.

बी-१०१ : सोलरला नव्हता. त्या कोटेशनला होता.

खजिनदार : कोटेशनचा विषय एजीएममध्ये संपलेला आहे.

सी-२०५ : संपला नाही, संपवला.

सचिव : कृपया विषयाला धरून बोला 🙏

सी-३०१ : गाडीवाल्यांना सरसकट दोष देऊ नका. खेपेवर पैसे मिळतात. कमी भरली तर डिझेलसुद्धा निघत नाही, वरून गाडीचा हप्ता.

बी-२०४ : दादा, तुमच्या भावाच्या किती गाड्या आहेत सध्या?

सी-३०१ : वैयक्तिक येऊ नका वहिनी. दोनच आहेत.

सी-१०३ : 😂😂

डी-४०१ : हप्त्याचं समजू शकतो. पण २०१९ पासून ओव्हरलोडला २० हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार दंड आहे. खाणीतून निघताना गाडी काट्यावर चढते, पावती निघते. चोरी पकडायला कोणाला रात्री जागायची गरज नाही, पावती वाचली तरी पुरे. आमचा मुलगा टेक्सासला आहे, तिकडे

सी-१०३ : आलं टेक्सास 🙏

डी-४०१ : आलं तर ऐका. तेलाच्या ट्रकनी गावाकडचे रस्ते इतके फोडले की २०१३ मध्ये काही रस्त्यांचं डांबर उखडून खडीचेच ठेवायचं ठरवलं. त्याच वर्षी राज्याने अशा काउंटींना (तिकडचे जिल्हे) रस्त्यांसाठी २२.५ कोटी डॉलर मंजूर केले. तिथेही मूळ भांडण हेच, तेलाचा पैसा राज्याकडे आणि खड्डे गावाकडे.

ए-२०१ : आपल्याकडे तर कोळशावर टनामागे ५० रुपये सेस होता २०१० ला, २०१६ ला ४०० केला. नाव स्वच्छ ऊर्जा. २०१७ ला जीएसटी आल्यावर तोच ४०० राज्यांना जीएसटीमुळे होणाऱ्या तोट्याच्या भरपाईकडे वळवला. चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघ्याला १५०० मेगावॉटची थेट लाइन आहे, साडेसातशे किलोमीटर. वीज मुंबईकडे एकही खड्डा न लागता पोचते.

सी-२०५ : हे भारी. आणि गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी आपल्या. त्यात डी विंगच्या कुंड्यांचं पाणी.

डी-४०२ : कुंड्यांना प्लेटा लावल्या आहेत. येऊन बघा.

ए-३०२ : *खनिज निधी आहे. मागणी करा.*

बी-२०४ : दादा, वाचलं हो. तीन वेळा.

बी-१०१ : अर्जात दोनच गोष्टी लिहू. शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळात टिप्पर बंद. आणि जड वाहतुकीला वेगळा रस्ता, त्याचा खर्च कोळसा नेणाऱ्यांकडून. खनिज निधीला हात नको.

ए-३०२ : मग निधी पडून राहू द्यायचा का?

बी-१०१ : पडून का? पलीकडच्या गावात खाणीने विहिरी आटवल्या, तिथे नळ द्या. निधी त्यांचा आधी, आपला मागून.

डी-४०१ : मान्य. फक्त वेगळा रस्ता जड भाराच्या डिझाइनचाच हवा असं स्पष्ट लिहा. नाहीतर पातळ थर टाकून फोटो काढतील.

सी-३०१ : शाळेच्या वेळेचं मी भावाशी बोलतो. बाकीच्यांची हमी देत नाही.

बी-२०४ : धन्यवाद दादा. आणि ताडपत्री.

सी-३०१ : हो, तेही.

सचिव : अर्ज उद्या सकाळी गेटवर ठेवतो. सहीसोबत फ्लॅट नंबर लिहा. ए-३०२, तुमचा मुद्दा वेगळ्या पत्रात घेऊ.

ए-३०२ : ठीक आहे. मसुदा मीच देतो.

खजिनदार : सही करायला याल तेव्हा मेंटेनन्सची थकबाकीपण बघून घ्या. नावं टाकत नाही.

सी-२०५ : टाका ना.

डी-४०२ : गेटवर पेनपण ठेवा. मागच्या वेळचा सी विंगमध्ये गेला.

सी-२०५ : नंबर घेऊन बोला.