सोसायटी अधिकृत (फक्त मराठी): 'सिम्स अनडिफाइन्ड' आणि गॅसचा कॉक

रविवार

मृणाल देशपांडे, बी ४०२ (६:४२)
नमस्कार. ग्रुपवर विचारायचं नव्हतं, पण आता इलाज नाही. ओजसचं उद्या सकाळी ९ ला मॅथ्सच्या प्रॅक्टिकलचं सबमिशन आहे. ऑक्टेव्ह म्हणून सॉफ्टवेअर आहे. मागच्या रविवारी सलीलनेच लॅपटॉपवर टाकलं आणि "झालं वहिनी सगळं" म्हणून गेला. आज त्यात सिम्स ही कमांड दिली की 'सिम्स अनडिफाइन्ड' अशी एरर येतेय. सिम्बॉलिक नावाची लायब्ररी लागते म्हणे. ती कुठून आणायची? सलील फोन उचलत नाहीये.

पाटील, ए ३०२ (६:४४)
लायब्ररी? क्लबहाउसच्या वरची का? तिची किल्ली जोशीसाहेबांकडे 😀

जोशी सेक्रेटरी, सी २०३ (६:४५)
किल्ली माझ्याकडे नाही. मार्चपासून वॉचमनकडे आहे. हे मी आजवर ३ वेळा लिहिले आहे.

नेने काका, ए १०१ (६:४९)
मृणाल, विंडोज आहे ना? मग आणायचं काहीच नाही. ऑक्टेव्हच्या विंडोज इन्स्टॉलरमध्ये सिम्बॉलिक, स्टॅटिस्टिक्स, कंट्रोल, सिग्नल ही पॅकेजेस (तू म्हणतेस ती लायब्ररी) आधीच घातलेली असतात. सिम्बॉलिक आकड्यांऐवजी एक्स, वाय अशा अक्षरांनी गणित करतं. त्याला मागे पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि तिचं सिमपाय लागतं, तेही त्यातच येतं. फक्त लोड करायचं. इन्स्टॉल आणि लोड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाइपलाइन घरात आली म्हणजे गॅस आला असं नव्हे, कॉक उघडावा लागतो.

शिंदे वहिनी, सी ४०४ (६:५०)
काका, तुम्ही पाइपलाइनचं नाव काढलंत म्हणून विचारते. ओट्याखाली पाइप लोंबतोय त्याला दीड वर्ष झालं. डिपॉझिट भरलंय. कॉक कुठाय?

गायकवाड, बी १०३ (६:५०)
+१

शिंदे वहिनी (६:५१)
मला टोचून बोलायचं नाही, पण ए विंगला कनेक्शन मिळालं आणि सी विंगला नाही, हे कसं?

जोशी सेक्रेटरी (६:५३)
गॅसचा विषय कमिटीच्या अजेंड्यावर आहे. सध्या विषय सॉफ्टवेअरचा आहे. कृपया विषयांतर नको.

पाटील (६:५३)
अजेंड्यावर इन्स्टॉल झालाय. लोड व्हायचाय.

मृणाल देशपांडे (६:५८)
[फोटो]
हे बघा काका, असं येतंय.

नेने काका (७:०१)
फोटोत ट्यूबलाइट आणि तुझा अंगठा नीट आलाय. एररचा खालचा भाग कापला गेलाय, उत्तर नेमकं तिथेच आहे. लाल ओळीनंतरच्या ओळी ओजसला मोठ्याने वाचायला सांग. त्यात साधारण असं लिहिलेलं असतं: हे फंक्शन सिम्बॉलिक पॅकेजचं आहे, ते पॅकेज तुमच्याकडे आहे पण लोड केलेलं नाही, लोड करायला अमुक लिहा. सॉफ्टवेअर स्वतः सांगतंय, पण वाचायचं कुणाला असतं!

मृणाल देशपांडे (७:०२)
काका, मुलगा टेन्शनमध्ये आहे. वाचत नाही असं नाही. प्लीज काय लिहायचं तेवढं सांगा.

नेने काका (७:०३)
पीकेजी लोड सिम्बॉलिक. मग सिम्स एक्स.

कुलकर्णी, सी १०२ (७:०५)
आमच्या आर्याचंही हेच प्रॅक्टिकल. पण तिचं मॅक. तिने लोड केलं, तरी होत नाहीये. तेव्हा 'फक्त लोड करा' हे सगळ्यांना लागू नाही, एवढंच नम्रपणे.

नेने काका (७:०६)
मी विंडोजबद्दल बोलत होतो, कुलकर्णी. वर तसं लिहिलंय.

मृणाल देशपांडे (७:०९)
काका, तुमचा मेसेज जसाच्या तसा कॉपी करून टाकला. 'पार्स एरर' आली. आता काय?

नेने काका (७:१०)
देवनागरीत टाकलंस??

मृणाल देशपांडे (७:१०)
तुम्ही देवनागरीत दिलंत.

पाटील (७:११)
😂😂😂

नेने काका (७:१२)
जोशी, तुमच्या त्या २७ फेब्रुवारीच्या ठरावाचा हा परिणाम. भाषेचा अभिमान मलाही आहे, पण कमांड देवनागरीत लिहून काय उपयोग?

जोशी सेक्रेटरी (७:१४)
ठराव सर्वानुमते झाला होता. आपणही हात वर केला होता. कमांड पर्सनलवर पाठवाव्यात.

सलील, बी ५०१ (७:१६)
वहिनी, गाडी चालवत होतो, आत्ता बघतोय. एक क्लिअर करतो. तुम्ही ऑक्टेव्ह टाकायला सांगितलं, मी टाकलं, ते चालतंय. सिम्बॉलिकबद्दल कोणी एक शब्द बोललं नव्हतं. "झालं सगळं" मी ऑक्टेव्हबद्दल म्हणालो. आता ग्रुपवर माझं नाव.

मृणाल देशपांडे (७:१७)
अरे नाही रे, रागावू नकोस. सहज लिहिलं.

सलील (७:१८)
नाही, ठीक आहे. मला काही नाही.

साहिल (पवारांचा), सी ३०१ (७:२०)
नमस्ते काका, मलापण तेच प्रॅक्टिकल आहे. माझ्या लॅपटॉपवर विंडोज नाही, उबुंटू २२.०४ (लिनक्स) आहे. आमच्या गटाला स्टॅटिस्टिक्स पॅकेजसुद्धा लागतं. पीकेजी इन्स्टॉल मायनस फोर्ज स्टॅटिस्टिक्स केलं, तर ते म्हणतं तुमचं ऑक्टेव्ह जुनं आहे.

सलील (७:२३)
साहिल, तू बरोबर केलंस, पण तुझ्यासाठी तो रस्ता नाही. फोर्ज म्हणजे ऑक्टेव्हच्या पॅकेजेसचं ऑनलाइन कोठार, तिथून पॅकेज मागितलं की ते सर्वात नवी आवृत्ती आणतं. उबुंटू २२.०४ मध्ये ऑक्टेव्ह ६.४ येतं, नव्या स्टॅटिस्टिक्सला त्याच्या पुढचं हवं. तू ऑक्टेव्हच्या आत जाऊच नकोस. टर्मिनलमध्ये उबुंटूच्या स्वतःच्या ॲप्ट कमांडने घे: ऑक्टेव्ह-सिम्बॉलिक आणि ऑक्टेव्ह-स्टॅटिस्टिक्स. तुझ्या ६.४ ला जुळणारी जुनी आवृत्ती मिळेल, आणि सिमपाय त्याच्यासोबत आपोआप येईल. एक विचारतो, ऑक्टेव्ह कुठून घेतलं होतंस? सॉफ्टवेअर सेंटरमधून?

साहिल (७:२४)
हो… बहुतेक दोन्ही आहेत. एकदा सेंटरमधून, एकदा ॲप्टने.

सलील (७:२६)
तिथेच गोची. सेंटरमधलं स्नॅपचं ऑक्टेव्ह स्वतःच्या बंद डबीत राहतं. ॲप्टने टाकलेलं पॅकेज त्याला दिसतच नाही. मग तू म्हणणार टाकलं तरी येत नाही. एक काढून टाक, ॲप्टवालं ठेव.

शिंदे वहिनी (७:२७)
म्हणजे एका घरात दोन कनेक्शन. आम्हाला एक मिळेना.

नेने काका (७:२८)
साहिल, ॲप्टने टाकलंस तरी लोड करावंच लागेल. इन्स्टॉल आणि लोड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कुलकर्णी (७:३१)
मॅककडे कोणी लक्ष देईल का? आर्याने ब्रूने (मॅकवर सॉफ्टवेअर टाकायचं साधन) ऑक्टेव्ह घेतलं, आत जाऊन फोर्जवरून सिम्बॉलिक घेतलं, लोडही केलं. आता म्हणतं पायथनमध्ये सिमपाय सापडत नाही. पायथनच्या पिप या इन्स्टॉलरने सिमपाय टाकायला गेली, तर 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' म्हणून नकार. माझ्या बीपीची गोळी घ्यायची वेळ झाली आहे.

सलील (७:३३)
मॅकवर सिम्बॉलिक म्हणजे नुसता निरोप्या असतो. गणित करतं ते पायथनमधलं सिमपाय. ब्रूचं पायथन पिपला बाहेरून ढवळाढवळ करू देत नाही. सोपं आहे, त्याच कमांडच्या शेवटी ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस लावा, गपचूप टाकेल.

नेने काका (७:३४)
नावातच 'ब्रेक' आहे, सलील. दुसऱ्याच्या मुलीच्या लॅपटॉपवर कशाला?

सलील (७:३५)
काका, अर्धं जग हेच करतं.

नेने काका (७:३६)
अर्धं जग लिफ्टमध्ये गुटखाही थुंकतं.

पाटील (७:३६)
काका आज फॉर्मात.

जोशी सेक्रेटरी (७:३७)
लिफ्टमधील प्रकाराबाबत सीसीटीव्ही फुटेज तपासणे सुरू आहे.

गायकवाड (७:३७)
कधीपासून?

सलील (७:४१)
बरं, काकांच्या पद्धतीने. कुलकर्णी काका, आर्याला सांगा, होम फोल्डरमध्ये वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे पायथनची स्वतंत्र खोली, बनव आणि सिमपाय त्याच्यात टाक. तिथे पिप कुरकुरणार नाही. मग ऑक्टेव्ह उघडून पहिलं काम, सेटएन्व्ह कमांडने त्या पायथनचा पत्ता (तो कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते) द्यायचा, त्यानंतर लोड. आधी सिम्स वापरून मग पत्ता दिला तर जुन्याच पायथनला धरून बसतं, मग ऑक्टेव्ह बंद करून परत उघडलेलं बरं. कमांड तुम्हाला पर्सनलवर इंग्रजीत टाकल्यात.

कुलकर्णी (७:४४)
धन्यवाद. पत्ता तिने मैत्रिणीकडून घेतला होता, 'यूजर लोकल' असा काहीतरी. तो चुकला का?

सलील (७:४५)
मैत्रिणीचं मॅक जुनं, इंटेलचं असेल. तिच्याकडे ब्रू यूजर लोकलमध्ये असतं. एम चिपवाल्या मॅकवर ऑप्ट होमब्रूमध्ये. दुसऱ्याचा पत्ता टाकून आपल्याकडे पत्र येत नाही 🙂

पाटील (७:४७)
मला एक सांगा, ऑक्टेव्ह म्हणजे सप्तक ना? मग ही मुलं गणित करतायत की गाणं?

नेने काका (७:५२)
पाटील, संगीताचा काही संबंध नाही. ऑक्टेव्ह लेव्हनस्पील हे केमिकल इंजिनिअरिंगचे अमेरिकेतले प्राध्यापक. पाकिटाच्या मागच्या बाजूला दोन ओळी खरडून उत्तर काढण्यात पटाईत. जॉन ईटन हे त्यांचे विद्यार्थी, त्यांनी सरांचं नाव दिलं. मुळात हे रिॲक्टर डिझाइनच्या पाठ्यपुस्तकासोबत वापरायला म्हणून १९८८ च्या सुमारास डोक्यात आलं, १९९२ ला लिहायला घेतलं, १.० आवृत्ती फेब्रुवारी १९९४ ची. मी माटुंग्याला शिकत होतो तेव्हा लेव्हनस्पीलच्या पुस्तकातली गणितं स्लाइड रूलवर केली आहेत. आम्हाला ना लोड, ना इन्स्टॉल.

गायकवाड (७:५३)
🙏

शिंदे वहिनी (७:५४)
काका, एवढी माहिती आहे तर गॅसवाल्यांशी तुम्हीच बोला ना. तुमच्या घरी आलाय गॅस.

नेने काका (७:५५)
माझ्याकडे ए विंगच्या रायझरमुळे (वर जाणारा मुख्य पाइप) आला, वहिनी. मी कुणाला चहा पाजलेला नाही.

शिंदे वहिनी (७:५५)
मी कुठे चहा म्हटलं?

जोशी सेक्रेटरी (७:५६)
*हा संदेश हटवला आहे*

पाटील (७:५६)
वाचला मी 😀

मृणाल देशपांडे (७:५८)
कोणी आहे का?? काकांनी पर्सनलवर इंग्रजीत पाठवलं ते टाकलं. लोडला काही आलं नाही, गप्प बसलं. मग सिम्स एक्स केलं तर हँग झालंय. ओजसने दोनदा खिडकी बंद करून परत उघडली.

नेने काका (८:००)
लोडने गप्प बसणं म्हणजेच झालं. काही चुकलं असतं तरच ते बोललं असतं. आणि हँग नाही झालं, पहिल्या सिम्सला मागे पायथन जागं होतं, त्याला वेळ लागतो. जुन्या लॅपटॉपवर जास्तच. खिडकी बंद केली की ते परत पहिल्यापासून. हात मागे बांधून बसा दोघं.

मृणाल देशपांडे (८:०३)
आलं!! 'पायथन कम्युनिकेशन लिंक ॲक्टिव्ह' असं आलं. पुढे सिमपायची आवृत्ती. हे चांगलं ना?

नेने काका (८:०३)
उत्तम. आता एक्स वर्ग गुणिले साइन एक्सचं डेरिव्हेटिव्ह काढून बघ म्हणावं.

मृणाल देशपांडे (८:०५)
एक्स वर्ग कॉस एक्स अधिक २ एक्स साइन एक्स. ओजस म्हणतो बरोबर आहे. काका, कसे आभार मानू! 🙏🙏 सलील, तुझेही.

सलील (८:०६)
माझे कशाला. मी तर अर्धवटच टाकलं होतं.

कुलकर्णी (८:१९)
आर्याचंही झालं. पण सेटएन्व्ह दरवेळी लिहायचं का?

सलील (८:२१)
नाही. होम फोल्डरमध्ये डॉट ऑक्टेव्हआरसी नावाची फाइल करा, त्यात पत्त्याची ओळ आणि खाली लोडची ओळ. ऑक्टेव्ह उघडलं की आपोआप होईल. वहिनी, ओजसलाही हेच सांगा, त्याला फक्त लोडची ओळ पुरे.

साहिल (८:२४)
माझं पण झालं सर. स्नॅपवालं काढलं. पीकेजी लिस्टमध्ये सिम्बॉलिकसमोर तारा पण दिसतोय.

नेने काका (८:२५)
तारा म्हणजे लोड झालंय. तारा नसेल तर नुसतं घरात आहे. म्हणून म्हणतो, इन्स्टॉल आणि लोड या दोन…

पाटील (८:२५)
…वेगळ्या गोष्टी आहेत!!

गायकवाड (८:२६)
+१

जोशी सेक्रेटरी (८:३०)
विषय संपला असल्यास कृपया ग्रुपवर शांतता राखावी. उद्या टाकी धुण्याचे काम असल्याने पाणी सकाळी ६ ते ७ एवढेच येईल.

शिंदे वहिनी (८:३१)
माझा विषय संपलेला नाही.

सोमवार

मृणाल देशपांडे, बी ४०२ (७:१२)
सुप्रभात. सॉरी सगळ्यांना, सकाळी सकाळी. ओजसने एकदा बघून जाऊ म्हणून आत्ता परत उघडलं, तर परत 'सिम्स अनडिफाइन्ड'. काल तर चालत होतं! रात्री लॅपटॉप बंद केल्यावर निघून गेलं का?

सलील (७:१४)
वहिनी, ती डॉट ऑक्टेव्हआरसी फाइल केली का?

मृणाल देशपांडे (७:१४)
कुठली फाइल?

नेने काका (७:१५)
एररच्या खालच्या ओळी वाच.

शिंदे वहिनी (७:१६)
आणि ७ लाच पाणी गेलंय. ६ ते ७ म्हणजे ७ पर्यंत ना, जोशी?