सांता क्लारा काउंटीची १७५ वर्षं: सिलिकॉन सोडून काय सांगायचं?

बेएरियाची_माय: २०२५ मध्ये आपल्या काउंटीला (म्हणजे कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या जिल्ह्याला) १७५ वर्षं झाली ना, त्यावर लेकीच्या वर्गात पोस्टर करायचंय आणि टीचरने बजावलंय की सिलिकॉन व्हॅलीतल्या गॅरेजमधल्या कंपन्या नकोत, त्याच्या आधीचं काहीतरी आणा. इतकी वर्षं इथे काढली पण मला किराणा दुकान आणि १०१ हायवेचा ट्रॅफिक सोडून काही माहीत नाही हो, लाज वाटते. कुणी सांगेल का?

रानवाट: ताई, पहिली ओळ हीच टाका की काउंटी राज्यापेक्षा वयाने मोठी आहे. १८ फेब्रुवारी १८५० ला पहिल्या २७ काउंट्या झाल्या त्यात ही एक, आणि कॅलिफोर्निया राज्य झालं ९ सप्टेंबरला. तेव्हा राजधानी सॅन होजेच होती, आमदार इतके प्यायचे की त्या विधिमंडळाला 'हजार प्याल्यांचं' असं नाव पडलं (हे पोस्टरवर नको 😄).
पण खरी गोष्ट न्यू अल्माडेनच्या खाणीची. तिथल्या डोंगरात लाल दगड मिळायचा, इथले मूळ रहिवासी ओलोनी लोक तो अंगाला रंग म्हणून लावायचे, १८४५ मध्ये कास्तियेरो नावाच्या मेक्सिकन कॅप्टनने ओळखलं की अरे यात तर पारा आहे. मग तीनच वर्षांत सोनं सापडलं आणि सोनं वेगळं काढायला पारा लागतोच, त्यामुळे या खाणीला असे दिवस आले की १८६३ मध्ये लिंकनने ती सरकारजमा करायचा हुकूम काढला, पण बाकीचे खाणवाले बिथरतील म्हणून माघार घेतली. सॅन होजेच्या मर्क्युरी न्यूज पेपरातला मर्क्युरी तो हाच, पारा.

चिंचेचा_कोळ: तो लाल दगड म्हणजे आपला हिंगूळ! जुन्या पोथ्यांमधली लाल अक्षरं ज्याने लिहायचे तोच. आम्ही अल्माडेन क्विकसिल्वर पार्कात दर महिन्याला ट्रेकला जातो आणि हे मला कालपरवा कळलं, कपाळाला हात लावला. तिथे कासा ग्रांदे नावाच्या जुन्या वाड्यात म्यूझियम आहे, मुलीला दाखवाच. मात्र ग्वादलुपे, कॅलेरो वगैरे तलावांतले मासे खायचे नाहीत, तशा पाट्याच आहेत, खाणीचा पारा अजून गाळात बसलाय.

सोमवार_पेठ: पारा छान आहे पण चायनाटाउन पण घ्या. सॅन होजेच्या मार्केट स्ट्रीटवरचं चायनाटाउन, म्हणजे चिनी लोकांची वस्ती, १८८७ च्या मे मध्ये जाळलं, लागलेली आग नव्हे, लावलेली. हजाराच्या वर माणसं एका दुपारी बेघर झाली. मग जॉन हाइनलेन नावाच्या जर्मन माणसाने शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या शिव्या खात स्वतःची जमीन भाड्याने दिली आणि तिथे नवी वस्ती उभी राहिली. शहराने माफी मागितली ती २०२१ मध्ये. बाहेरून येऊन राहिलेल्या आपल्यासारख्यांनी तर हे सांगायलाच हवं असं माझं मत, पाचवीच्या मुलांना झेपतं.

रानवाट: @सोमवार_पेठ सहमत, मी पाऱ्याच्या नादात विसरलो. आणि काही गमतीचं हवं असेल तर १८८१ चा विजेच्या दिव्यांचा टॉवर, २३७ फूट, सॅन होजेतल्या चौकाच्या मधोमध, कल्पना अशी की एकाच मनोऱ्याने अख्खं गाव उजळायचं, गल्लोगल्ली दिवे कशाला! अर्थात जमलं नाही. १९१५ च्या वादळात पडला. हिस्टरी पार्कमध्ये त्याची छोटी प्रतिकृती आहे.

बेएरियाची_माय: बापरे, एवढं! जर्दाळू-प्रूनच्या बागा होत्या एवढंच मी ऐकून होते. लेक हिंगुळावर अडकलीय, आजीला व्हिडिओ कॉल लावून देवघरातली पोथी उघडायला लावलीन, लाल अक्षरं आहेत खरी पण आजी म्हणते ती छापील आहे गं 😂 मधे हिंगूळ आणि एका बाजूला चायनाटाउन असं ठरलंय. शनिवारी म्यूझियमला जाऊन येतो. माशांचं सांगितलंत ते बरं केलंत, नवरा गळ घेऊनच निघाला होता.