सात नंबर देऊन अकरा नंबर घ्यावा का? पॉइंट गार्डच्या अदलाबदलीबद्दल सल्ला हवा आहे

प्रतापनगर_बेंच

नमस्कार. नागपुरात आमच्या भागातील सहा संघांची बास्केटबॉलची हिवाळी लीग सुरू असून मी त्यातील एका संघाचे व्यवस्थापन पाहतो. पहिली साखळी संपली आहे, आम्ही पाचपैकी दोन सामने जिंकले आहेत, आणि दुसरी साखळी सुरू होण्यापूर्वी प्रत्येक संघाला एका खेळाडूची अदलाबदल करण्याची मुभा आहे. गुणतक्त्यात आमच्या वर असलेल्या एका संघाने आमचा पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे आणून खेळ मांडणारा खेळाडू, मागितला असून त्याच्या बदल्यात ते त्यांचा गार्ड देण्यास तयार आहेत. दोघांचीही नावे येथे लिहिणे योग्य नाही, म्हणून जर्सीच्या क्रमांकाने लिहितो.

आमचा सात नंबर बावीस वर्षांचा आहे. त्याचे पहिले पाऊल इतके वेगवान आहे की समोरचा खेळाडू पाय हलवेपर्यंत तो रिंगखाली पोहोचलेला असतो, आणि स्कोअरशीटवर जवळजवळ प्रत्येक सामन्यात आमच्याकडून सर्वाधिक गुण त्याचेच असतात. त्यांचा अकरा नंबर चौतिशीचा आहे, बुटीबोरीला कारखान्यात नोकरी करतो, पळण्यात आमच्या मुलापेक्षा स्पष्टपणे मागे आहे, आणि एका सामन्यात आठ-दहा गुणांच्या पुढे क्वचितच जातो. मात्र मध्यरेषा ओलांडण्याआधीच तो डाव्या हाताच्या दोन बोटांनी कोपऱ्यातल्या खेळाडूला एक पाऊल मागे सरकवतो आणि चेंडू नेमका त्याच्या छातीशी, शॉट घेता येईल असा पोहोचवतो, हे मी सीमारेषेजवळ बसून स्वतः पाहिले आहे.

माझ्या मनातील शंका शेवटच्या सामन्यापासून सुरू झाली. दोन गुणांनी मागे असताना सात नंबर तीन बचावपटूंच्या मधून आत शिरला, आणि आमचा सर्वांत चांगला शूटर उजव्या कोपऱ्यात हात उघडे ठेवून एकटा उभा होता. चेंडू त्याच्याकडे गेला नाही. पुढच्या आक्रमणात तो त्याच कोपऱ्यात गेला, पण या वेळी त्याने हात वर केलेच नाहीत. सामना हरल्यापेक्षा मला ते अधिक लागले. ही अदलाबदल करावी का, याबद्दल जाणकारांनी मोकळेपणाने मत द्यावे.

धंतोलीकर

भाऊ, तुम्ही शेवटी जे लिहिले आहे त्यातच तुमच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे. हात न उचलणारा शूटर हा शूटरचा दोष नसून गार्डच्या सवयीचा परिणाम असतो, आणि ही सवय संघात हळूहळू पसरते.

एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक लीगमध्ये थेट पॉइंट गार्डच्या बदल्यात पॉइंट गार्ड असे व्यवहार फार होत नाहीत, परंतु जे झाले आहेत ते तुमच्या परिस्थितीशी चांगले जुळतात. २००१ च्या उन्हाळ्यात फीनिक्सने जेसन किडला न्यू जर्सीकडे दिले आणि स्टेफॉन मारबरीला घेतले. मारबरी वयाने चार वर्षांनी लहान होता आणि गुणही अधिक करीत असे, त्यामुळे कागदावर फीनिक्सचे काहीच बिघडले नव्हते. प्रत्यक्षात न्यू जर्सीचा संघ आदल्या हंगामात २६ सामने जिंकला होता, तो किड आल्यावर ५२ जिंकला आणि २००२ व २००३ अशी सलग दोन वर्षे अंतिम फेरीत खेळला. फीनिक्स ५१ विजयांवरून ३६ वर आला आणि बाद फेरीलाही मुकला. किडचा बाहेरचा शॉट त्या काळी कच्चाच होता, पण त्याच्याबरोबर धावणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असे की आपण वेळेवर पोहोचलो तर चेंडू आपल्याआधी तेथे पोहोचलेला असेल.

दुसरा व्यवहार नोव्हेंबर २००८ मधला आहे. डेट्रॉइटने चॉन्सी बिलप्सला डेन्व्हरकडे दिले आणि ॲलन आयव्हरसनला आणले. आयव्हरसन चार वेळा लीगमध्ये सर्वाधिक सरासरीने गुण करणारा खेळाडू ठरला होता, त्या मानाने बिलप्स शांत डोक्याने खेळ चालवणारा माणूस. डेन्व्हर त्या हंगामात ५४ सामने जिंकून पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत गेला. त्याआधी सलग सहा वर्षे पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत खेळलेला डेट्रॉइटचा संघ ३९ विजयांवर थांबला आणि पहिल्याच फेरीत क्लीव्हलँडकडून ०-४ असा हरला. मी तुमच्या जागी असतो तर अकरा नंबरला आजच होकार कळवला असता.

विद्यापीठ_मैदान

मी विद्यापीठाच्या संघातून चार वर्षे गार्ड म्हणून खेळले आहे आणि सध्या शाळेच्या मुलींना शिकवते, म्हणून दोन गोष्टी आवर्जून मांडते. धंतोलीकर सरांनी दिलेले आकडे बरोबर आहेत, पण त्यांतून काढलेला निष्कर्ष मला घाईचा वाटतो. डेट्रॉइटने आयव्हरसनला केवळ खेळासाठी घेतले नव्हते. त्याचा करार त्याच हंगामाच्या शेवटी संपत होता, त्यामुळे पुढच्या वर्षी पगाराची मोठी रक्कम मोकळी होणार होती. तुमच्या लीगमध्ये पगार नाही आणि पुढचे वर्षही हिशेबात नाही, तेव्हा त्या व्यवहाराची अर्धी कारणे तुम्हाला लागूच पडत नाहीत.

माझ्या मते येथे खरा विचार सॅक्रामेंटोच्या उदाहरणाचा करायला हवा. त्यांच्याकडे एकाच वेळी दोन तरुण गार्ड होते. डी'ॲरन फॉक्स तुमच्या सात नंबरसारखा वेगाने आत शिरणारा होता, तर टायरीस हॅलिबर्टन तुमच्या अकरा नंबरसारखा आधी पाहून मग हलणारा. चेंडू दोघांनाही हातात हवा होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी हॅलिबर्टनला इंडियानाकडे दिले आणि डोमांटास साबोनिस हा सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू, घेतला. त्या वेळी अनेकांनी सॅक्रामेंटोला नावे ठेवली, कारण पास देणारा गार्ड सोडून पळणारा गार्ड ठेवला, असे वरवर दिसत होते. परंतु पुढच्याच हंगामात त्यांनी ४८ सामने जिंकले आणि २००६ नंतर प्रथमच बाद फेरी गाठली. साबोनिस हाय पोस्टवर, म्हणजे फ्री थ्रो रेषेच्या आसपास, उभा राहून स्वतःच पास देत असे. सेंटर असूनही त्या हंगामात त्याची सरासरी सामन्यामागे सातपेक्षा अधिक असिस्टची (ज्यावर लगेच गुण होतो अशा पासची) होती. खेळ मांडण्याचे काम त्याने घेतल्यामुळे फॉक्सचा वेग मोकळा झाला, आणि अटीतटीच्या क्षणी उत्तम खेळणाऱ्यास त्या वर्षी प्रथमच दिला गेलेला पुरस्कारही फॉक्सलाच मिळाला.

तिकडे इंडियानाचेही भलेच झाले. हॅलिबर्टनने २०२३-२४ मध्ये असिस्टच्या सरासरीत लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला आणि २०२५ मध्ये संघाला अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यापर्यंत नेले. तो सामना आपल्याकडे सोमवारी पहाटे साडेपाचला सुरू झाला होता. पहिल्या क्वार्टरमध्ये तीन त्रिगुणी शॉट घातल्यावर हॅलिबर्टनच्या टाचेमागचा स्नायुबंध तुटला आणि तो जमिनीवर हात आपटत राहिला, ते दृश्य मी अजून विसरू शकलेले नाही.

म्हणून मला दोन गार्डांमध्ये डावे-उजवे करण्याआधी हे जाणून घ्यायचे आहे की तुमचा सेंटर कसा आहे. फ्री थ्रो रेषेजवळ पाठमोरा चेंडू घेऊन तो बचावातून रिंगकडे धावत येणाऱ्या खेळाडूला पास देऊ शकतो का? देऊ शकत असेल तर सात नंबर ठेवा आणि पहिला पास नेहमी सेंटरकडेच जाईल असा नियम करा.

प्रतापनगर_बेंच

ताई, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. आमचा सेंटर उंच आणि मेहनती आहे, रिबाउंड सोडत नाही, पण पाठमोरा चेंडू मिळाला की मान खाली घालून दोन ड्रिबल घेतो आणि तेवढ्यात तो हिसकावला जातो. धावत येताना मात्र त्याला छातीच्या वर पास मिळाला तर तो चुकत नाही. सात नंबर स्क्रीनचा (सहकाऱ्याने उभे राहून बचावपटूची वाट अडवण्याचा) उपयोग स्वतः आत शिरण्यासाठीच करतो, त्यामुळे स्क्रीन लावून रिंगकडे वळणाऱ्या सेंटरला पूर्ण साखळीत असे पास हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच मिळाले असतील.

आणखी एक गोष्ट मूळ प्रश्नात लिहायची राहिली. आमच्या लीगमध्ये २४ सेकंदांत शॉट घ्यायला लावणारे घड्याळ नाही. पंच फारच वेळ गेला तर तोंडी इशारा देतात. आठ सेकंदांत चेंडू मध्यरेषेपलीकडे नेण्याचा नियम मात्र काटेकोरपणे पाळला जातो.

मानेवाडा_रोड

मला येथे वेगळीच काळजी वाटते. आठ सेकंदांचा नियम कडक असेल आणि समोरच्या संघाने पूर्ण मैदानावर प्रेस लावला, म्हणजे चेंडू आत येताच अंगाशी भिडून बचाव केला, तर चौतिशीचा हळू गार्ड मध्यरेषा कशी ओलांडणार? चेंडू वर आणण्यासाठी दुसरा भरवशाचा माणूस नसेल तर त्याची सारी दृष्टी आपल्याच अर्ध्या मैदानात अडकून पडेल. शिवाय बुटीबोरीची शिफ्ट आठवड्यागणिक बदलत असेल तर दुसऱ्या साखळीतील किती सामन्यांना तो संध्याकाळी सहाला मैदानावर असेल, हे लेखी विचारून घ्या. आमच्या संघाने दोन वर्षांपूर्वी असाच एक उत्तम खेळाडू घेतला होता आणि तो पाचपैकी दोनच सामने खेळू शकला. त्यात त्याची काही चूक नव्हती, चूक न विचारणाऱ्या आमची होती.

धंतोलीकर

प्रेसबद्दलचा मुद्दा मला मान्य आहे, आणि सेंटरबद्दल ताईंनी जे विचारले ते मी आधीच विचारायला हवे होते. मात्र घड्याळ नाही, ही बाब अकरा नंबरच्या बाजूने फार जड आहे, कारण चेंडू चार-पाच हातांतून फिरवून मोकळा शॉट शोधण्यास त्याला हवा तेवढा वेळ मिळेल.

२०१९ चा व्यवहारही येथे आठवतो. ह्यूस्टनने ख्रिस पॉल आणि नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतील पहिल्या फेरीचे भावी हक्क ओक्लाहोमा सिटीला देऊन रसेल वेस्टब्रुक घेतला. वेस्टब्रुकच्या बाहेरच्या शॉटला कोणी भीत नव्हते आणि आत शिरायला त्याला जागा हवी होती, म्हणून हंगामाच्या मध्यात ह्यूस्टनने आपला सेंटर क्लिंट कपेला सोडला आणि सेंटरशिवाय खेळणे पत्करले. एका गार्डला सामावून घेण्यासाठी उरलेला संघ बदलावा लागला. चौतीस वर्षांच्या पॉलबरोबर ओक्लाहोमा सिटीला तसे काही करावे लागले नाही, आणि पुढच्या बाद फेरीत त्यांनी याच ह्यूस्टनला सात सामन्यांपर्यंत झुंजवले, जरी अखेर ते हरले.

विद्यापीठ_मैदान

तुमच्या उत्तराने माझे मत बदलले, हे स्पष्टपणे सांगते. उभ्याने पास देऊ न शकणारा पण धावत चेंडू पकडणारा सेंटर, आणि कोपऱ्यात हात खाली घालून बसलेला शूटर, असे दोघे तुमच्याकडे आहेत, आणि या दोघांनाही अकरा नंबरच जागे करू शकेल. साबोनिससारखा सेंटर असता तर मी सात नंबर सोडू नका असेच म्हटले असते.

प्रेसवर एक उपाय आहे. तुमचा जो फॉरवर्ड बरे ड्रिबल करतो त्याने रिंगमागच्या बेसलाइनवरून चेंडू आत द्यावा आणि लगेच तोच परत घेऊन मध्यरेषेपर्यंत आणावा. अकरा नंबरने आधीच पुढे जाऊन त्रिगुणी रेषेच्या माथ्यावर तो स्वीकारावा. दोन दिवस सकाळी सराव केला तर हे बसते, आमच्या मुलींनी बसवले आहे.

सात नंबरशी मात्र निर्णयाआधी तुम्ही स्वतः बोला. त्याला तिसऱ्याच माणसाकडून कळू देऊ नका. त्या कोपऱ्यातल्या शूटरचा प्रसंग त्याच्यासमोर ठेवा आणि त्याला काय दिसले होते ते विचारा. बावीस वर्षांच्या मुलाला बहुतेक वेळा तो माणूस दिसलेलाच नसतो, आणि तसे असेल तर न दिसल्याबद्दल त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

प्रतापनगर_बेंच

सर्वांचे मनापासून आभार. आज संध्याकाळी सात नंबरला घरी चहाला बोलावले होते. मी प्रसंग सांगितल्यावर तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला की त्याला कोपऱ्यात कोणी आहे हे खरोखरच दिसले नव्हते. त्या संघात त्याच्या वर्गातील दोन मित्र आहेत, त्यामुळे तेथे जाण्यास त्याची हरकत नाही, पण पुढच्या वर्षी परत येता येईल का, असे त्याने विचारले. येता येईल, असा शब्द मी दिला आहे.

अकरा नंबरकडून शिफ्टचे वेळापत्रक मागवले आहे. पाचपैकी चार सामन्यांना तो येऊ शकत असेल तर रविवारी होकार कळवतो. फॉरवर्डला उद्या सकाळी साडेसहाला मैदानावर बोलावले आहे.