'उच्च स्वर' आणि 'निम्न स्वर' : उंची नेमकी कशाची?

प्रश्न : भाषाविज्ञानात इ, उ यांना 'उच्च स्वर' आणि आ ला 'निम्न स्वर' का म्हणतात? 'आ' तर केवढ्याही मोठ्यानं म्हणता येतो!

उत्तर : ही उंची जिभेची आहे, आवाजाची नव्हे. 'स्वर' हा शब्द गाण्यातही असल्यामुळे 'उच्च स्वर' ऐकलं की वरची पट्टी आठवते आणि घोटाळा होतो. एकाच पट्टीत 'ई, ए, ॲ, आ' सलग म्हणून बघा. जबडा उघडत जातो, जीभ टाळूपासून खाली सरकते. पट्टी मात्र तीच राहते.

मला तरी 'संवृत' आणि 'विवृत' हे जुने शब्दच नेमके वाटतात. मुखातली वाट आवळलेली की मोकळी, एवढंच ते सांगतात. पाणिनीच्या अष्टाध्यायीचं अगदी शेवटचं सूत्र 'अ अ' याच भेदाबद्दल आहे : नियमांच्या सोयीसाठी विवृत धरलेला ऱ्हस्व अ प्रत्यक्ष बोलताना संवृतच असतो.

प्रश्न : अशा पायऱ्या किती? त्यानं अर्थ बदलतो का?

उत्तर : बदलतो की! मराठीतच 'बेट' आणि 'बॅट' घ्या. पायऱ्या मात्र भाषेगणिक वेगळ्या. अभिजात अरबीत इ-उ आणि आ अशा दोन, स्पॅनिशमध्ये तीन, प्रमाण इटालियनमध्ये चार. इटालियन 'पेस्का'तला ए संवृत असेल तर मासेमारी, विवृत असेल तर पीच हे फळ. लिहिताना दोन्ही सारखेच.

सगळ्यांत विलक्षण उदाहरण कॉकेशसमधल्या उबिख भाषेचं. तिच्यात व्यंजनं ऐंशीच्या वर, पण मूळ स्वर दोनच मानतात, आणि त्यांच्यातला फरक फक्त उंचीचा. जीभ पुढे की मागे, हे शेजारचं व्यंजन ठरवतं. तिचे शेवटचे अस्खलित भाषक तेव्हफिक एसेंच 1992 मध्ये वारले.

प्रश्न : म्हणजे पट्टीशी काहीच संबंध नाही?

उत्तर : अर्थभेदाच्या दृष्टीनं नाही. मोजायला गेलं तर उंची दिसते ती पहिल्या फॉर्मंटमध्ये, म्हणजे मुखपोकळीच्या सर्वांत खालच्या अनुनादात (हा पट्टीहून वेगळा), आणि तीही उलटी : प्रौढ पुरुषाच्या 'ई'ला साधारण 300 हर्ट्झ, 'आ'ला 700 च्या आसपास. गंमत म्हणजे सहज बोलताना इ-उ यांची पट्टी आ पेक्षा किंचित वर जाते, आणि हे कितीतरी भाषांत आढळलं आहे.