यादीतून नावं गेली, त्यावरून ग्रुपवर झालेलं बोलणं

*(परिवार ग्रुप, शनिवार २७ डिसेंबर २०२५, रात्रीची जेवणं झाल्यावर)*

अक्का, पुणे: सगळ्यांना सलाम. आपल्या इंदूरच्या चर्चचा, मंडळीचा वार्षिक अहवाल छापून आला म्हणे. महूच्या वहिनीने फोटो पाठवले, मोठे करून करून वाचले. सभासदांच्या यादीत माझ्या छोटूचं नाव नाही. छापायचं राहिलं की काढलं?

पाळक, इंदूर: सलाम अक्का. काढलं. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पास्टरेट कमिटीत ठराव करून काढलं. एकट्या छोटूचं नाही, बऱ्याच जणांचं.

नगरचे भाऊजी: सरकारचं मतदारयादी तपासायचं एसआयआर चालूच आहे, त्यात पाळकसाहेबांनी आपलं वेगळं काढलं! घरोघर फिरणारं बीएलओ कोण होतं?

पाळक, इंदूर: मीच, भाऊजी. स्कूटरवरून.

अक्का, पुणे: हसण्यावारी नेऊ नका. त्याचा बाप्तिस्मा तिथे झाला, दृढीकरण तिथे झालं. आजोबा नगर सोडून मिशनच्या शाळेत मास्तर म्हणून इंदूरला आले तेव्हापासून आपलं घराणं सभासदांच्या त्या वहीत आहे. आणि घरचाच माणूस पाळक झाल्यावर घरच्याच पोराचं नाव खोडतो?

वहिनी, महू: अक्का, आमची दोन्ही मुलंही गेली यादीतून. पाळकभावजी सांगायला आले त्या दिवशी मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

पाळक, इंदूर: विचारला नाहीत, खरंय. पाणी मात्र दिलंत.

आता सगळं लिहितोच, उद्याच्या उपासनेत एवढं बोलता येणार नाही. जानेवारीत वही उघडली तर यादी फुगलेली आणि बाकं मोकळी. दर वर्षी अहवालात आकडा तोच किंवा थोडा जास्त, कारण जन्मलेलं लेकरू लिहिलं जायचं, गेलेला माणूस कुणी खोडायचं नाही. म्हणून ईस्टरआधीच्या उपवासकाळात घरोघर जायचं ठरवलं. ५ मार्चच्या राखेच्या बुधवारपासून सुरुवात केली. १९ तारखेला रंगपंचमी. सगळं शहर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक बघायला राजवाड्याकडे जाईल, गल्ल्या मोकळ्या मिळतील, असा माझा हिशोब. पहिल्याच चौकात पोरांनी अडवलं, "अरे भिया, फादर को भी लगाओ!" पुढच्या चार घरी निळ्या कानांनी प्रार्थना केली.

छावनीतल्या आजी तुला आठवतात ना अक्का, ज्या रविवारच्या शब्बाथ शाळेत पाठांतर घ्यायच्या? आता घराबाहेर पडत नाहीत, मी महिन्यातून एकदा प्रभुभोजन घेऊन जातो. माझा उपदेश फोनवर ऐकतात आणि वर सुनावतात, "तिसऱ्या मुद्द्यावर थांबायचं होतंस, चौथा कोणी मागितला होता?" त्यांच्यापुढे वही ठेवली. बोट जिभेला लावून पान उलटायचं, नावावर नख टेकवायचं आणि निकाल द्यायचा. ही नाशिकला दिली. हा वारला, मीच पुरणीला होते. हे दुबईला. याच्या पत्नीशी कोणी चर्चमध्ये नीट बोललं नाही म्हणून येत नाहीत, याला खोडू नकोस, याच्याकडे जा. एका बैठकीत निम्मी वही मार्गी लागली. कमिटीला हेच काम करायला वर्ष पुरलं नसतं.

तोच नियम मग सगळ्यांना लावला. गावातच आहे पण येत नाही, त्याचं एकही नाव कमी केलं नाही. ते माझं काम आहे. जो कायमचा दुसऱ्या गावी गेला, तिथे नोकरी, तिथे घर, त्याला शिफारसपत्र पाठवलं आणि मगच नाव काढलं. माणूस बेंगळुरूत आणि नाव इंदुरात, तर आजारी पडल्यावर त्याच्या दारात कोणता पाळक जाणार?

नगरचे भाऊजी: म्हणजे यंदा मंडळी घटली. सरळ म्हणा की.

पाळक, इंदूर: कागदावर घटली. बाप्तिस्म्यांपेक्षा पुरण्याही यंदा जास्त झाल्या. तरी पंधरा वर्षांतलं मला हे सगळ्यात चांगलं वर्ष वाटतं.

नगरचे भाऊजी: नवीन बाप्तिस्मे?

पाळक, इंदूर: आपल्याच घरांतली लेकरं. बाहेरच्या कोणाला घ्यायचं तर इथल्या २०२१ च्या कायद्यात त्या माणसाने आणि विधी करणाऱ्या पाळकानेही ६० दिवस आधी कलेक्टरला कळवायचं असं लिहिलंय. समोर भेटलात की बोलू, ग्रुपवर हा विषय नको.

अक्का, पुणे: मग बाकं भरली कोणी? वहिनी सांगत होती, नाताळला जागा नव्हती. आणि ओळखीचं एक तोंड दिसलं नाही म्हणे.

वहिनी, महू: असं नाही म्हटलं मी. कमी दिसली म्हटलं.

पाळक, इंदूर: झारखंडच्या नर्सेस आहेत. केरळची दोन-तीन घरं. भंवरकुआंला कोचिंगसाठी राहणारी पोरं, ती परीक्षा जवळ आली की जास्त येतात. आलीराजपूरकडचं एक कुटुंब. यातली एक नर्स पहिल्या रविवारी उपासना संपल्यावर थांबली आणि आधार कार्डाच्या प्लास्टिकमधून घडी घातलेला कागद काढून दिला. तिच्या गावच्या पाळकाचं पत्र. आमची बहीण तुमच्याकडे येत आहे, सांभाळा. आपल्या किती घरांनी पोरांना असं पत्र देऊन पाठवलं? ही वही तपासेपर्यंत माझ्याकडे कोणी मागितलंसुद्धा नव्हतं.

अक्का, राग मानू नकोस, तू म्हणतेस मराठी घरं संपली. संपली नाहीत, पुण्या-बेंगळुरूला गेली. तिकडच्या कुठल्या तरी पाळकाच्या अहवालात ती "वाढ" म्हणून लिहिली असतील. आणि त्या नर्सच्या गावी कोणी तरी म्हातारी म्हणत असेल, आपली पोरं कुठे गेली.

अक्का, पुणे: बोलायला तुला कोणी हरवलंय का. पण आपलं चर्च आपलं राहिलं नाही एवढं खरं.

पाळक, इंदूर: आपलं कधी होतं? इंदुरात मिशन आलं १८७७ साली, कॅनडाच्या प्रेस्बिटेरियनांचं. आजोबा नगरचे, अमेरिकन मिशनच्या शाळेत शिकलेले. तेही बाहेरूनच आले, अनोळखी लोकांत बसले. मग २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्च एकत्र होऊन उत्तर भारताची मंडळी (सीएनआय) झाली, तेव्हा आबा किती चिडले होते ते तूच सांगतेस.

नगरचे भाऊजी: आमचं नगरही आता तुमच्या इंदूरच्या अहिल्याबाईंच्या नावाने ओळखायचं. आपलं-तुपलं कुठवर धरणार?

वहिनी, महू: भाऊजी, अहिल्याबाई मूळच्या तुमच्याच, चौंडीच्या. यंदा ३१ मेला ३०० वर्षं झाली त्यांच्या जन्माला. सासरी गेल्या एवढंच.

अक्का, पुणे: आणि मराठी उपासना? ती तरी चालते का?

पाळक, इंदूर: महिन्याच्या शेवटच्या रविवारी, दुपारी. पेटी वाजवणारे मंडळीतले वडीलधारे मुलाकडे नागपूरला गेले, तेव्हापासून मोबाइलवर चाल लावून गातो. दहा-बारा डोकी असतात. तिथे वाढ नाही, आणि ओढूनताणून मी ती दाखवणारही नाही. बंद करा असं कमिटीत दोघे म्हणाले. मी म्हटलं, एक जण आला तरी चालवीन. पुढच्या वर्षी काय होतं बघू.

अक्का, पुणे: मी फेब्रुवारीत येतेय. शेवटचा रविवार धरून तिकीट काढते. चाली मला येतात सगळ्या.

वहिनी, महू: या या. उपासनेनंतर पोहे असतात. झारखंडच्या पोरी आता वरून जीरावन मसाला मागून घेतात!

छोटू, बेंगळुरू: सलाम सगळ्यांना. आत्ता ग्रुप बघितला. मामा, तुमचं पत्र ऑगस्टमध्येच मिळालं. इथल्या पास्टरना दिलं, नाव लागलंय. क्वायरमध्ये गातो.

अक्का, पुणे: ऑगस्ट??? आणि मला कोण सांगणार?

छोटू, बेंगळुरू: तू फक्त जेवलास का विचारतेस आई.

अक्का, पुणे: कुठलं चर्च? किती वाजता? फोटो पाठव. पांढरा शर्ट तरी इस्त्रीचा घालतोस ना?

छोटू, बेंगळुरू: वरून गाऊन असतो आई. दिसत नाही.

अक्का, पुणे: म्हणजे इस्त्री नाही.