ईशाला केमिस्ट्री करायची आहे, कॉलेज कुठलं घ्यावं?

बोरकर वहिनी (बी-२०३): नमस्कार. आमची ईशा बारावी सायन्सला आहे. मेडिकल नको, केमिस्ट्रीच करणार म्हणते. फोंड्याहून जाऊन-येऊन करता येईल असं चांगलं कॉलेज कुठलं? की पुण्याला पाठवू?

देसाई काका (ए-१०१): मडगावचं चौगुले बघा, स्वायत्त आहे. पणजीला धेंपे. खांडोळ्याचं सरकारी कॉलेज तर तुम्हाला जवळच.

समीर (सी-३०२): काकू, मी वेर्ण्याला औषध कंपनीत क्यूसीत (गुणवत्ता तपासणीत) आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. नाव नंतर, आधी लॅब बघा. आमच्या कॉलेजात एका ब्युरेटला (थेंबाथेंबाने द्राव सोडायची खुणांची काचनळी) चौघं असायचो. एक जण फ्लास्क हलवायचा, बाकीचे रीडिंग उतरवून घ्यायचे. मी तीन वर्षं उतरवतच राहिलो. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात टायट्रेशन (ब्युरेटमधून थेंबाथेंबाने द्राव घालून प्रमाण मोजायचं काम) दिलं आणि फ्लास्क गडद गुलाबी झाला. फिनॉल्फ्थॅलिनचा, म्हणजे त्यात घालतात त्या सूचकाचा, रंग जेमतेम दिसेल इतकाच यायला हवा. शेवटचा थेंब कधी थांबवायचा ते हाताला कळतं, वहीतून येत नाही. फुकट गेलेल्या त्या तीन वर्षांचा मला आजही राग येतो.
म्हणून विचारा, एका ब्युरेटला मुलं किती? शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट एकट्याचा की गटाचा? यूव्ही, आयआर, एचपीएलसी ही तपासणीची यंत्रं मुलं स्वतः चालवतात की नुसती लांबून बघतात?

ईशा: समीरदादा, आणि आयसर?

समीर: मिळालं तर अगदी जा. पुण्याचं आयसर (केंद्र सरकारची विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था) २००६ चं, पाषाणला, एनसीएल या राष्ट्रीय रसायन प्रयोगशाळेच्या शेजारीच. बीएस-एमएस पाच वर्षांचं. पण प्रवेश आयएटी परीक्षेवर. ६० प्रश्न, फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो प्रत्येकी १५. तुझं बायो आहे ना?

ईशा: नाही, मॅथ्स घेतलंय 😟

समीर: मग एनसीईआरटीचं बायो आजपासून वाचायला घे. १५ प्रश्न सोडून चालणार नाही. नेस्ट या प्रवेश परीक्षेचाही फॉर्म भर, त्यावर भुवनेश्वरचं नायसर आणि मुंबईचं सीईबीएस या विज्ञान संस्था आहेत.

शेट काकू (ए-३०४): झुआरीनगरला बिट्स पिलानीच्या कॅम्पसमध्येही एमएस्सी केमिस्ट्री आहे ना?

समीर: आहे काकू, बिटसॅट ही त्यांची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. पहिल्या वर्षी गुण चांगले पडले तर जोडीला इंजिनिअरिंगची शाखाही घेता येते. फी मात्र जड.

बोरकर वहिनी: खरं सांगू? एवढ्यात तिला लांब पाठवायला मन होत नाही.

समीर: नका पाठवू. इथे बीएस्सी मनापासून केली तर पुढे ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठात एमएस्सी आहे, नाहीतर जॅम ही एमएस्सीची प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी. सतराव्या वर्षी घरी राहिली म्हणून काहीच बंद होत नाही. चार मुलांमागे एक ब्युरेट असली तर मात्र बरंच काही बंद होतं.

ईशा: लॅब बघायला गेले तर आत सोडतील?

समीर: आईला घेऊन जा, फोन करून. प्रॅक्टिकल चालू असेल तेव्हाच जा, सुट्टीच्या दिवशी नको. आणि सरांना काय विचारायचं ते आई विचारेल, तू सिंकपाशी काच धूत असलेल्या मुलींना गाठ.